सखोजी बिन रामोजी

आमचे खापरपणजोबा सखोजी सातारच्या छत्रपतींच्या पागेत होते, असे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. निवृत्त झाल्यावर त्याचा लेखी पुरावा शोधायचे मी मनावर घेतले.

वर्षभर खेपा घातल्यावर दप्तराच्या एका रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून, आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावचा मोडी कागद निघाला, आणि त्यावरचे 1254 हे साल पाहून मी लगोलग घरी फोन करून आपले घराणे यादवकालीन असल्याचे जाहीर केले. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत सांगितले, की हे साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले आहे, त्यात 590 मिळवा, म्हणजे 1844 येईल. सहा शतके अशी एका बेरजेत गेली. कागदात पागा नव्हती, घोडाही नव्हता. सखोजी बिन रामोजी, म्हणजे रामोजीचा मुलगा सखोजी, याने बांध कोरला, अशी त्याच्या चुलतभावाची तक्रार तेवढी होती. शिवाय नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आमच्याकडे रीत असल्याने सखोजी बिन रामोजी आणि रामोजी बिन सखोजी पिढ्यानपिढ्या फुगडी घालत होते, त्यातला हा सखोजी आमचा की भावकीतला, हे काही उलगडेना.

दोन्ही घरे एका मुळाची आहेत का, एवढे तरी कळावे म्हणून भाच्याने डीएनए तपासणी सुचवली. खापरपणजोबांचा माझ्यातला वाटा सरासरी 6.25 टक्केच, पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते, तेव्हा भावकीतल्या एका पुरुषाची लाळ हवी होती. गावात राहिलेला असा पुरुष एकच, आणि बांधावरून आमचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. जो आजवर माझ्या नावाने थुंकत आला, त्याला नळीत थुंकण्याची विनंती करायला मी पाव किलो कंदी पेढे घेऊन गेलो. थुंकायला त्याची ना नव्हती. त्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचे नाही, ही अट मात्र त्याला जाचक वाटली, कारण तंबाखूवाचून इतका वेळ तो स्वतःच्या लग्नातही राहिला नव्हता. अखेर तो अर्धा तास आम्ही ओसरीवर बसून काढला आणि नऊ वर्षांनी प्रथमच बोललो, अर्थात बांधाविषयीच.

दोघांचे वाय गुणसूत्र जुळते, म्हणजे मूळपुरुष एक, असा अहवाल आला. तो पुरुष नेमका कोण, हे मात्र तपासणीला सांगता येत नाही. मी मोठ्या मनाने अहवालाची आणि मोडी कागदाची झेरॉक्स त्याला दिली. पुढच्याच आठवड्यात त्याने दोन्ही कागद बांधाच्या अर्जाला जोडल्याचे कळले: घराणे एकच, आणि बांध कोरण्याची आमच्या घराची खोड 1844 पासूनची. तेव्हापासून तो सखोजी आमचा नव्हेच, असे मी भेटेल त्याला सांगत असतो.