गाऱ्हाणेही देवापाशी, आभारही देवापाशीच

दिवसभरात दहा कामे सुरळीत पार पडली आणि एक बिनसले, तर रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात घोळत राहते ते बिनसलेलेच. चौघांनी कौतुक केलेले विसरायला होते. एकाने टाकून बोललेले वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवते. हा केवळ माझ्या-तुमच्या स्वभावाचा दोष नाही. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मानसशास्त्रातील अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवून दिले होते की, नाती असोत, भावना असोत वा आठवणी, वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. म्हणूनच तक्रारीसाठी मुद्दाम काही करावे लागत नाही, ती आपोआप ओठांवर येते. कृतज्ञता मात्र निवडावी लागते, तीही रोज नव्याने, आणि ती निवडावी असे मला अगदी मनापासून वाटते म्हणून हे लिहीत आहे.

आपण बहुतेक जण असे धरून चालतो की, हवे ते मिळाले की तक्रार आपसूक थांबेल. नोकरी लागू दे, घर होऊ दे, मुले मार्गी लागू देत, मग देवाचे आभार मानायला आयुष्य पडले आहे! फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना इतरांशी केली होती. विजेते इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक सुखी आढळले नाहीत; उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी झालेला दिसला. अभ्यास छोटा होता हे खरे, पण त्यात जे दिसले ते आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यात पाहिलेले असते. जे मिळावे म्हणून नवस बोललो, ते हाती आल्यावर काही महिन्यांतच त्याची सवय होते आणि मन पुढच्या मागणीकडे वळते.

आता कृतज्ञतेविषयी. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दहा आठवडे काही जणांना दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या, तर काहींना तेवढ्याच कटकटी. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक चांगले वाटू लागले आणि येणाऱ्या आठवड्याकडे ते अधिक आशेने पाहू लागले. पुढच्या संशोधनात हा परिणाम फार मोठा नसल्याचे दिसून आले आहे, तेव्हा कृतज्ञतेला सगळ्या दुखण्यांवरचे औषध म्हणून विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय बरे वाटावे एवढ्यासाठीच आभार मानायचे असतील, तर बरे वाटेनासे झाले की ते थांबणारच. भाविकाची कृतज्ञता इथेच वेगळी पडते. ती कोणाला तरी उद्देशून असते. ज्याचे आभार मानायचे तो आपले ऐकतो आहे, आपल्याला ओळखतो आहे, आणि आपल्याला न दिसणारे त्याला दिसते आहे, असा भरवसा तिच्या मुळाशी असतो. हा भरवसा नसेल तर सुखाच्या दिवसांत मानलेले आभार संकटाच्या पहिल्याच फटक्यात गळून पडतात.

आणि भरवसा म्हणजे गप्प बसणे, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. तुकाराममहाराजांचेच पाहा. १६३० च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, मानमरातब गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतः आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. त्यांनीच पुढे असेही म्हटले की, देवा, दिवाळे निघाले ते बरेच झाले, कारण त्यामुळे मी तुझ्यापाशी आलो. पण हे उद्गार एवढेच उचलून कोणी त्यांना सोशिक, निमूट संत ठरवू नये. तेच तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, भेट का देत नाहीस म्हणून जाब विचारतात. एकाच माणसाच्या तोंडी हे दोन्ही शोभते, कारण भांडण आणि आभार दोन्ही एकाच दाराशी जातात. नुसती कुरकुर कोणाच्याच दाराशी जात नाही. ती भेटेल त्याच्यापुढे मांडली जाते, ऐकणाऱ्याचे मन आंबवते आणि बोलणाऱ्याचे ओझे रतीभरही कमी करीत नाही.

हे मी सर्वांत जवळून पाहिले ते माझ्या आत्याकडे. तिला कित्येक वर्षे संधिवात आहे. सकाळी उठते तेव्हा बोटे मुठीत आखडलेली असतात. ती कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसते, मग एका हाताच्या अंगठ्याने दुसऱ्या हाताचे एकेक बोट हलकेच उलगडते. करंगळी सगळ्यांत हट्टी, ती शेवटी सुटते. या साऱ्या वेळात तिचे देवाशी बोलणे चालू असते. मध्येच कळ आली की "अरे देवा, किती रे छळशील" असेही म्हणते. औषधे वेळच्या वेळी घेते, डॉक्टरांचे सारे ऐकते. करंगळी सरळ झाली की मात्र हात जोडते. "आत्या, इतकं दुखतंय आणि तू आभार कसले मानतेस?" असे मी एकदा विचारले, तेव्हा तिने सहज सांगितले, "दुखतंय ते त्याला सांगून झालं. बोटं उघडली तेही त्यालाच सांगायला नको का?"

मला या उत्तरात सारे काही सापडले. दुखणे नाकारलेले नाही, देवाला त्यातून सोडलेलेही नाही. पण जे मिळाले त्याची नोंद दुखण्याइतक्याच प्रामाणिकपणे घेतलेली आहे. तेव्हापासून माझ्या रात्रीच्या प्रार्थनेत मोघम आभार मानण्याचे मी बंद केले. "सगळ्याबद्दल आभारी आहे" म्हणताना मन भलतीकडेच असते, तर "आज तो फोन वेळेवर आला" किंवा "ताप संध्याकाळी उतरला" असे म्हणताना त्या दिवसाकडे परत एकदा नीट पाहावेच लागते. काही रात्री अशाही येतात की आभार मानावे असे काहीच दिसत नाही. तेव्हा मी तसेच त्याला सांगतो.

मात्र हा सारा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करायचा आहे, याबद्दल मी फार आग्रही आहे. ज्याचे माणूस नुकतेच गेले आहे, ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याच्यावर उघड अन्याय होतो आहे, त्याला "देव जे करतो ते बऱ्यासाठीच" असे ऐकवणे हा मला क्रूरपणा वाटतो, मग ऐकवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. अन्यायाविरुद्ध केलेली तक्रार ही कुरकुर नव्हेच. ती केलीच पाहिजे, आणि देवावर भरवसा असणाऱ्याने तर अधिक निर्भयपणे केली पाहिजे. आणि शोकात असलेल्या माणसाकडे जाताना उपदेश घरी ठेवून जावे, त्याच्याजवळ बसावे, त्याची अडलेली कामे उरकून द्यावीत. आभार मानायचे की भांडायचे, ते त्याचे त्याला आणि देवाला ठरवू द्यावे.