चाळिशीचा फॉरवर्ड घ्यायचा की नाही?

गेल्या आठ दिवसांपासून पानठेल्यावर गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "काका, तुम्ही कोणाकडून?" गावात निवडणूक नाही. दिवाळीनंतरच्या फुटबॉल टूर्नामेंटसाठी आपल्या टीममध्ये चाळीस वर्षांचा फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारा, घ्यायचा की नाही, यावरून गावाचे दोन भाग पडले आहेत. आवाज इतका चढतो की खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबतो. परवा तर दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी न बोलता उठून गेले. ओट्यावर बोललं की अर्धंच ऐकलं जातं, म्हणून आज कापसाची गाडी रवाना करून लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्यायचा. पण तुमच्यातले अर्धे जण ज्या कारणासाठी त्याला आणायला निघाले आहेत, त्या कारणासाठी नाही.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं. इकडे कापूस-तूर आणि पलीकडे कोळशाच्या खाणी. फुटबॉल आमच्याकडे आला तो खाणीच्या कॉलनीतून. लहानपणी आम्ही सायकलवर ट्रिपलसीट बसून कॉलनीतल्या मॅच बघायला जायचो आणि घरी येऊन शाळेमागच्या गायरानात तेच खेळायचो. बांबूचे गोलपोस्ट, फक्कीच्या रेघा, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला अशा भेगा की पाय आत गेला तर मुरगळलाच समजा. ज्याच्यावरून वाद आहे तो भाऊ याच पट्ट्यातला. त्याला विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. नागपूरजवळच्या कामठीच्या ग्राउंडवर त्याने उमेदीची वर्षं काढली, आणि कामठीत टिकणं काय असतं हे विदर्भात फुटबॉल खेळलेल्या कोणालाही विचारा. आता तो खाणीवर डंपर चालवतो. मॅचचे हजार रुपये आणि पेट्रोल, एवढंच त्याचं मागणं आहे. बाहेरचे दोन खेळाडू चालतील असं आयोजकांनी कळवलेलंच आहे.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. "चाळीस वर्षांचा माणूस काय पयनार?" हे एक. "तेवढ्या पैशात पोट्ट्याचे बूट येतात" हे दुसरं. आणि "आपला पोट्टा बसवून बाहेरच्याले काहून खेळवायचं?" हे तिसरं. तिसरं मला रात्री झोपू देत नाही. त्याच्याकडे येतो.

आधी पळण्याचं. आपल्या गावात पळणाऱ्यांची कमी आहे का? पहाटे पाचला डांबरी रोडवर या. पोलीस भरतीची तयारी करणारे वीस-बावीस पोट्टे अंधारात १६०० मीटर मारत असतात. आपली अख्खी टीम त्यातलीच. मागच्या वर्षी सेमीफायनलला आपण शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत होतो आणि ०-१ ने हरलो. मी लाईनवर उभा होतो. दुसऱ्या हाफमध्ये सात वेळा विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, डीमध्ये (गोलपुढच्या चौकोनात) चेंडू आला. सातही वेळा आपला फॉरवर्ड चेंडूच्या पुढे निघून गेलेला होता. उशीर एकदाही झाला नाही. तो दर वेळी लवकर पोहोचला. पोहोचून उभा राहिला, स्टॉपरने (मधल्या बचावपटूने) त्याला पाहिलं, खांद्याला खांदा लावला, संपलं. आपल्याला कमी पडलं ते थांबणं.

हे मी ठामपणे का म्हणतो? मी अठरा वर्षं स्टॉपर खेळलो. जोरात धावणाऱ्या फॉरवर्डची मला कधी भीती वाटली नाही. तो दिसतो. त्याचा श्वास ऐकू येतो. आपण दोन पावलं मागे उभं राहायचं, त्याला बाहेरच्या बाजूला काढायचं, काम होतं. भीती वाटायची ती या भावाची, आणि तेव्हाही तो तिशीच्या जवळ होता. चेंडू दुसऱ्या टोकाला असला की तो माझ्या पाठीमागे येऊन उभा राहायचा. बरोबर अशा जागी, की चेंडू बघितला तर तो दिसू नये आणि तो बघितला तर चेंडू दिसू नये. मधूनच हाताचा मागचा भाग माझ्या कमरेला टेकवायचा. ढकलायचा नाही, नुसता टेकवायचा. मी कुठे आहे हे त्याला न बघता कळायचं. मग हात निघायचा. हात निघाला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आता तो कुठे गेला हे मला माहीत नसायचं. एका मॅचमध्ये त्याने एकच गोल केला, तोही डीमध्ये तीन पावलं चालून. मी त्याच्यापेक्षा जास्त पळत होतो.

वय झालं की पहिल्या पाच-दहा मीटरचा झटका जातो, हे खरं आहे. मांडीमागची शीर धरते, आज खेळलं तर उद्या अंग जड असतं. पण डीमध्ये कुठे उभं राहायचं ही अक्कल पायात नसते, त्यामुळे ती पायांबरोबर जात नाही. १९९० च्या वर्ल्डकपला कॅमेरूनच्या रॉजर मिलाचं हेच झालं. अडतीस वर्षांचा माणूस, मोठ्या फुटबॉलमधून बाजूला होऊन रीयुनियन बेटावर खेळत होता. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी गळ घातली म्हणून परत आला. त्याला पूर्ण मॅच खेळवलीच नाही. दर वेळी बदली म्हणून उतरवला, आणि तसं उतरून त्याने चार गोल मारले, दोन रोमानियाला, दोन कोलंबियाला. क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध कॅमेरून ०-१ ने मागे असताना तो हाफटाइमनंतर आला. त्याच्यावर फाऊल झाला, पेनल्टी मिळाली. मग दुसऱ्या गोलचा पासही त्याचाच. पुढे एक्स्ट्रा टाइममध्ये कॅमेरून २-३ ने हरलं, पण आफ्रिकेतला कोणताही देश त्याआधी क्वार्टर फायनलपर्यंत गेलेला नव्हता.

आता त्याच मिलाची पुढची गोष्ट ऐका, कारण ती भावाला आणायला उतावीळ झालेल्यांसाठी आहे. चार वर्षांनी, १९९४ ला, कॅमेरूनने त्याला पुन्हा नेलं. वय बेचाळीस. रशियाविरुद्ध त्याने गोलही केला. मॅच कॅमेरून १-६ ने हरलं. रशियाच्या एकट्या सालेंकोने पाच मारले. म्हातारा गोल करेल, पण मागचं घर पेटलेलं असेल तर एका गोलाने काय होणार?

यावरून मँचेस्टर युनायटेडवाल्या पोट्ट्यांना एक आठवण. तुमच्यातलेच काही जण २०२१ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्डो परत आला तेव्हा चौकात फटाके फोडत होते. छत्तीस वर्षांचा होता. त्याने काम केलं नाही असं कोणी म्हणू नये, लीगमध्ये १८ आणि सगळे मिळून २४ गोल केले. पण आदल्या वर्षी युनायटेड ७४ गुणांनी दुसऱ्या नंबरवर होती, ती ५८ गुणांवर सहावी आली. टीमचे गोल ७३ वरून ५७ वर आले. दोष एकट्या त्याचा नव्हता, डिफेन्सही फाटकाच होता. पण चेंडू मिळाला की आधी त्याला शोधायचं, ही सवय सगळ्या टीमला लागली. तीच युनायटेड २००७ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक लार्सनला घेऊन आली होती, पस्तीस वर्षांचा, तोही जेमतेम अडीच-तीन महिन्यांसाठी उसना. त्याने १३ मॅचमध्ये तीनच गोल केले. शेजारी रूनी आणि रोनाल्डो होते, गोल करायचं काम त्यांचं होतं. त्या वर्षी युनायटेड लीग जिंकली. दोन्ही वेळा म्हाताराच आणला होता. काय सांगून आणला, यात फरक होता.

तेव्हा "भाऊ आला की आपण फायनल मारली" असं जे म्हणत आहेत, त्यांना माझा विरोध आहे. भावाला पूर्ण मॅच खेळवायची नाही. आपल्या टूर्नामेंटमध्ये एका दिवसात दोन मॅच होतात, त्यात चाळिशीचा माणूस दोन्ही मॅच पूर्ण खेळला तर तिसऱ्या दिवशी त्याला उचलून आणावं लागेल. दुसऱ्या हाफची शेवटची पंधरा मिनिटं, समोरचे स्टॉपर दमलेले असताना, एवढंच. समोरच्यांच्या कॉर्नरला मागे यायचं काम त्याला नाही, ते इतरांनी करायचं. आणि पेनल्टी त्याने मारायची नाही. पेनल्टी आपला पोट्टाच मारणार.

आता त्या पोट्ट्याबद्दल.

आपला हा फॉरवर्ड एकोणीस वर्षांचा आहे. वडील नाहीत. सकाळी भरतीची तयारी, दिवसा दुसऱ्याच्या वावरात वेचणी, संध्याकाळी ग्राउंड. त्याच्या जागी बाहेरचा माणूस येतोय हे त्याला कोणीतरी पानठेल्यावर हसत हसत सांगितलं. असं सांगायला नको होतं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा आईने चहा दिला आणि तो बूट घेऊन मागच्या अंगणात बसून राहिला. बोललाच नाही. त्याला बसवण्यासाठी भावाला आणत असाल तर मी वर्गणीचा एक रुपया देणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहितो.

पण गेल्या रविवारी काय झालं ते तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलं नाही. भाऊ सहज म्हणून प्रॅक्टिस बघायला आला होता. पायात चप्पल, अंगात ड्यूटीचा शर्ट. अर्धा तास गप्प उभा राहिला. मग त्या पोट्ट्याला हाक मारली, पायातली एक चप्पल काढली आणि पहिल्या पोस्टपासून चारेक पावलांवर मातीत ठेवली. म्हणाला, "चेंडूकडे पाहून निघू नको. विंगवाल्याकडे पाह्य. क्रॉस मारताना त्याची मान खाली जाते ना, तवा निघ. त्याच्या आधी निघशील तर स्टॉपरले सापडशील. इथं यायचं, चपलेवर." पोट्टा पहिल्यांदा लवकर निघाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा भाऊ नुसता "थांब" म्हणाला, आणि विंगवाल्याची मान खाली गेली तेव्हा "जाय!" असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. चेंडू आणि पोट्टा एकाच वेळी चपलेवर आले. गोलकीपर हललासुद्धा नाही. नंतर अंधार पडेपर्यंत दोघं तेच करत होते. चप्पल कधी जवळच्या पोस्टला, कधी मागच्या. मी अठरा वर्षं डीमध्ये उभा राहिलो, पण फॉरवर्ड कधी निघतो हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं. मान खाली गेली की विंगवाल्याला कोणी दिसत नाही, आणि स्टॉपर तेव्हा चेंडूच बघत असतो. त्या एका क्षणी फॉरवर्डवर कोणाचीच नजर नसते.

हजार रुपयात बूट येतात, बरोबर आहे. ही गोष्ट कोणत्या दुकानात मिळते?

२०१८ चा वर्ल्डकप आपण सगळ्यांनी समाजमंदिरात पडदा लावून पाहिला होता. फ्रान्सच्या जिरूने पूर्ण स्पर्धेत एकही गोल केला नाही. तेव्हा तुम्ही त्याला किती बोल लावले, मला आठवतं. पण स्टॉपर त्याच्या अंगाला चिकटून राहायचे आणि बाजूने एकोणीस वर्षांचा एम्बाप्पे सुटायचा. एम्बाप्पेचे चार गोल झाले, फ्रान्स जगज्जेता झाला. तोच जिरू पुढे पस्तीसचा असताना इटलीच्या मिलान क्लबकडून २०२२ च्या लीगच्या शेवटच्या मॅचला सासुओलोविरुद्ध दोन गोल मारून गेला आणि मिलानला अकरा वर्षांनी लीग मिळाली. एकोणीस वर्षांच्या पोराशेजारी असा माणूस हवा. त्याच्या जागी नको.

आणि शेजारी कोणी तयार केलाच नाही तर काय होतं, ते आपल्या देशाच्या टीमनेच दाखवलं. सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला. मी टीव्हीसमोर रडलो, लाज वाटत नाही सांगायला. वर्षही झालं नव्हतं, मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. चाळीस वर्षांचा माणूस शिलाँगला मालदीवविरुद्ध हेड मारून गोल करतो. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) त्या सीझनमध्ये १४ गोल करून भारतीयांमध्ये पहिला येतो. त्याच्यासाठी छाती फुगते. पण त्याला परत यावं लागलं याचं मला दुःख जास्त आहे. इतक्या वर्षांत त्याच्या बाजूला उभा राहून शिकलेला दुसरा फॉरवर्ड आपण का घडवू शकलो नाही? आयएसएलच्या क्लबांमध्ये गोल करायची जागा बहुतेक वेळा परदेशी माणसाकडे, भारतीय पोरगा विंगला. मग देशासाठी डीमध्ये उभं राहायची वेळ आली की कोणाला सवयच नसते. २०२७ च्या आशिया कपला आपण पात्रसुद्धा ठरलो नाही.

आपल्या गावात तसं व्हायला नको असेल तर भाऊ या एका सीझनला यावा, आणि आपल्या पोट्ट्याने सुरुवातीपासून मैदानात असावं. शेवटच्या पंधरा मिनिटांत दोघांनी सोबत खेळावं. एक स्टॉपरला अडकवेल, दुसरा सुटेल. पुढच्या वर्षी भाऊ नसेल तरी चालेल. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. पंधरा मिनिटांसाठी येशील का, असं चांगल्या खेळाडूला विचारताना जीभ अडखळते. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पंधराच पुरेत बाप्पा. पण प्रॅक्टिसले मी दर रविवारी येतो, ड्यूटी नसली तं. त्याचे पैसे नको."

वर्गणीत माझे पाचशे धरा. रविवारी संध्याकाळी प्रॅक्टिस झाल्यावर शाळेच्या ओट्यावर बसू. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्कीच या, पण पाचला या, आधी ग्राउंडवर. ते दोघं चुलतभाऊही या. एक जण विंगवरून क्रॉस मारेल, दुसरा स्टॉपरला उभा राहील. चप्पल कुठे ठेवायची ते भाऊ सांगेल.