मोहेंजोदडोचे सांगाडे आणि कथित अणुयुद्ध

सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडो या प्राचीन शहराच्या रस्त्यांवर हातात हात धरून मरून पडलेल्या माणसांचे सांगाडे सापडले, त्यांच्यात नेहमीच्या 50 पट किरणोत्सर्ग आढळला, तिथली मातीची भांडी वितळून काच झाली होती, मुंबईजवळचे एक प्रचंड विवरही त्याच स्फोटाचे आहे आणि केस व नखे गळून पडल्याचे वर्णन तर महाभारतातच आहे, म्हणजेच महाभारतकाळी अणुयुद्ध झाले होते, असा एक मजकूर मराठवाड्यातील व्हॉट्सॲप समूहांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. शाळेच्या परिपाठात ‘आजची माहिती’ म्हणूनही असा मजकूर वाचला जातो, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य वाटत नाही.

‘मुंबईजवळचे विवर’ म्हणजे आपल्या शेजारचे लोणार. मंठ्याच्या पुढे जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की ते बुलढाणा जिल्ह्यात लागते आणि तिथून मुंबई रस्त्याने 400 किलोमीटरहून दूर आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडाच्या, आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झाले, हे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5,70,000 वर्षे येते. ही तफावत मोठी आहे. परंतु कोणताही आकडा धरला तरी मोहेंजोदडो वसण्यापूर्वी किमान 40,000 वर्षे लोणारचे विवर अस्तित्वात होते.

किरणोत्सर्गाचा आकडा कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या साली आणि कोणत्या सांगाड्यावर मोजला, हे तो मजकूर कधीच सांगत नाही. अणुस्फोटातून निघणारे आणि कॅल्शियमशी साधर्म्य असल्यामुळे हाडांत साठणारे स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सर्गी द्रव्य दर 29 वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे चार हजार वर्षांत त्याचा मागमूसही उरणार नाही. अणुबॉम्बमधले प्लुटोनियम मात्र दीर्घकाळ टिकते. स्फोट झाला असता तर ते तिथल्या मातीत आजही मोजता आले असते.

आता सांगाड्यांविषयी, कारण खरा पुरावा तोच आहे. हजारोंच्या वस्तीच्या या शहरात, 1922 पासून चाललेल्या उत्खननांत, अशा विस्कळीत अवस्थेतील सांगाडे चाळिसाच्या आतबाहेरच मिळाले. त्यांच्या आधारे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी आक्रमकांनी केलेल्या कत्तलीचा सिद्धान्त मांडला होता. अणुयुद्धाची कथा त्याच कल्पनेवर चढवलेला मजला आहे. परंतु 1964 साली पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी उत्खननाच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा हे सांगाडे एकाच थरातले नाहीत, म्हणजे ही माणसे एकाच दिवशी मेलेली नाहीत, हे स्पष्ट झाले. बालेकिल्ल्यावर, जिथे शेवटची लढाई अपेक्षित होती, तिथे तर एकही सांगाडा नव्हता.

पुढे प्राचीन सांगाड्यांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी प्रत्यक्ष हाडे तपासली. घाव बसल्यानंतर माणूस काही आठवडे जगला, तर हाडाची कड गोलसर होऊन भरून येऊ लागते; घाव मृत्यूच्या वेळचा असेल, तर कड तीक्ष्ण राहते आणि तिचा रंग बाकीच्या हाडासारखाच असतो; आणि हाड पुरल्यावर किंवा खोदताना तुटले असेल, तर तुटलेली बाजू सहसा फिकट दिसते. एवढ्या बारकाईने पाहूनही, हल्ल्याची म्हणता येईल अशी खूण केनेडी यांना एखाद-दुसऱ्याच सांगाड्यावर आढळली. त्याऐवजी दिसली ती काही कवट्यांवरची चाळणीसारखी सूक्ष्म छिद्रे. ती रक्तक्षयाची खूण मानली जाते, आणि त्यामागे हिवताप असावा असे त्यांचे अनुमान होते. तापाने आणि अशक्तपणाने झिजलेल्या या माणसांच्या नावावर न झालेले युद्ध चढवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे, असे मला मनापासून वाटते.

काच झालेल्या भांड्यांचे कारण साधे आहे: भट्टीत आच प्रमाणाबाहेर गेली की भांडी वितळून एकमेकांना चिकटतात, आणि असा टाकाऊ माल कुंभारांच्या वस्तीत सापडतोच. शिवाय त्याच शहरातील विटांच्या भिंती, विहिरी आणि महास्नानगृह आजही उभे आहेत.

राहिला महाभारताचा दाखला. सिंधुराज जयद्रथ कौरवांच्या बाजूने लढला, हे खरे; परंतु त्याचा वध अर्जुनाने कुरुक्षेत्रावर चौदाव्या दिवशी बाणाने केला, आणि युद्धपर्वांत सिंधू देशातील एखादे नगर अस्त्राने भस्म केल्याचा प्रसंग नाही. केसांचा आणि नखांचा उल्लेख तर युद्धानंतर 36 वर्षांनी घडणाऱ्या मौसलपर्वातला आहे. तिथे यादवांच्या नाशापूर्वीचे अपशकुन सांगितले आहेत: रस्त्यांवर उंदरांचा सुळसुळाट झाला, मडकी आपोआप फुटू लागली आणि रात्री झोपलेल्या माणसांचे केस व नखे उंदीर कुरतडून खाऊ लागले. फिरत्या मजकुरातून उंदीर तेवढे वगळले आहेत. असल्या मजकुरांत ज्याला अण्वस्त्र म्हटले जाते ते लोखंडी मुसळही त्या पर्वात कुणावर फेकले जात नाही. राजाज्ञेने त्याचे चूर्ण करून ते समुद्रात टाकले जाते आणि यादव शेवटी प्रभासक्षेत्री एरका गवताच्या मुसळांनी एकमेकांना मारतात.