आवळा देऊन मोजा काढणे

रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर सिंहगड केला, आतकरवाडीकडून. चढताना फक्त दम लागला, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही सगळं यथासांग झालं, पण गड खरा वसूल करतो तो उतरताना. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात म्हणे, आणि त्याचं बिल दोन दिवसांनी येतं. मंगळवारी मी सोसायटीचा जिना रेलिंग धरून उलटा उतरत होतो आणि खालच्या काकांनी 'काय, नवीन योगा का?' असं विचारलं.

ऑफिसात एक पळणारा प्राणी आहे, तो म्हणाला, 'कॉम्प्रेशन सॉक्स घे, रिकव्हरीला बेस्ट.' मी लगेच ऑनलाइन घेतले, भडक नारंगी, गुडघ्यापर्यंतचे, पाकिटावर 20-30 एमएमएचजी. बीपी मोजतात ना, तेच युनिट! घोट्याशी दाब जास्त आणि वर जाताना कमी कमी, म्हणजे रक्त वर ढकलायला मदत. साइज मी बुटाच्या नंबरावरून मीडियम मागवली. इथेच पहिली चूक.

बेडरूममध्ये जमिनीवर बसून वीस मिनिटं झटापट केली, मोजा टाचेपर्यंत आला आणि तिथे त्याने धरणं धरलं. मी घामाघूम. बायको दारातून म्हणाली, 'पाय घालतोयस का काढतोयस?' कसाबसा चढवला तर वरची कड रुतायला लागली, म्हणून ती दुमडली, आणि पाच मिनिटांत पोटरीखाली मुंग्या. आता काढायला जावं तर निघेना! शेवटी आईला हाक मारली.

आईला व्हेरिकोज व्हेन्स आहेत, दहा वर्षं ती असले मोजे रोज घालते, फक्त तिचे कातडीच्या रंगाचे म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही की ही तीच वस्तू. 'अरे गाढवा, कड दुमडायची नसते, तिथे दुप्पट आवळतं,' असं म्हणून तिने भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घातले आणि एका झटक्यात मोजा सोलून काढला. मग क्लास घेतला. माप बुटाचं नाही, घोट्याचं आणि पोटरीचं, तेही सकाळी पाय सुजायच्या आत. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी टाच बसवायची, मग वर सरकवायचा. आणि पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की मोजा घसरत जातो, पिशवी नंतर पुढून ओढून काढायची. तिच्या मोज्यांना पुढे भोक आहे. माझ्या नाही. हे पिशवी आत गेल्यावर कळलं, आणि रात्रभर घरात मी जाईन तिथे बाकरवडीच्या पुड्यासारखा चुरचुर आवाज.

फरक पडला का? दुखणं जरा कमी वाटलं खरं, आणि अभ्यासही साधारण तेवढंच सांगतात, घालून पळलं की वेग वाढतो याला मात्र फार पुरावा नाही. माझा वेग वाढला तो फक्त काढायच्या वेळी.

शेवटी आईने तिचा घोटा मोजला, तर बरोब्बर मीडियम, आणि तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडाही 20-30. परवा ती नारंगी मोजे घालून भाजी आणायला निघाली, तेव्हा खालच्या काकांनी विचारलं, 'काय वहिनी, मॅरेथॉन वगैरे?'

आई म्हणाली, 'हो, डिसेंबरात.'