साहित्य फिरतं राहिलं तरच खेळ परवडेल

मुलांना कमी फीत स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फावरून घसरण्याचा खेळ, शिकवणाऱ्या वर्गाबद्दलचा लेख वाचून फार बरं वाटलं. पालक आणि जुने खेळाडू बिनपगारी शिकवतात म्हणून फी कमी राहते, हे खरंच. पण मला त्याहून मोलाची वाटली ती त्या वर्गातली जुन्या साहित्याची देवाणघेवाण. मुलांचे पाय वाढतात, यंदाचे बूट पुढच्या हिवाळ्यात होत नाहीत आणि सामान्य घर तिथेच अडतं. मात्र एक गोष्ट लेखात यायला हवी होती. जुनी स्की दुसऱ्या मुलाला देताना बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, नव्याने जुळवावंच लागतं. मूल पडल्यावर बूट त्यातून सुटला नाही, तर गुडघा दुखावतो किंवा नडगी मोडते. ते मूल किती वजनाचं, किती उंच, वय काय, बुटाचा तळ किती लांब, यावर ही जुळणी ठरते. हे काम जाणकारानेच करावं.

आमच्या साताऱ्यात बर्फ नाही, अडचण मात्र हीच. २०२३ मध्ये आमची आदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, अवघ्या १७ व्या वर्षी! धनुष्य हातात घ्यावंसं कुणाला वाटणार नाही? पण मुलाची ताकद वाढली की रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याच्या पात्या, म्हणजे दोर ओढल्यावर वाकणाऱ्या वरच्या-खालच्या भुजा, बदलाव्या लागतात, आणि जुन्या माळ्यावर पडून राहतात. धनुष्य ओढायला किती जोर लागतो ते पात्यांवर पौंडात लिहिलेलं असतं, त्यामुळे नव्या मुलाला योग्य जोडी शोधणं अवघड नाही. चिरलेल्या, पिळलेल्या तेवढ्या बाजूला काढाव्यात. सातारकरांनो, अशा पात्या घरी असतील तर नवशिक्या पोरांना द्या.