इअरफोन फुल व्हॉल्यूमवर ‘टेस्ट’ करायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘इअरफोन घेण्याआधी हे वाचाच’ असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. त्यात सहा कलमं आहेत. ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा बारका स्पीकर) जितका मोठा तितका आवाज भारी. डब्यावर 20 ते 20,000 हर्ट्झ (सूर किती जाड की बारीक त्याचं माप) लिहिलेलं असेल तरच अस्सल. पिन सोनेरी पाहिजे. कानात घालून फुल व्हॉल्यूमवर पाच मिनिटं गाणं लावा, फाटलं नाही तर माल पास. घेतल्यावर शंभर तास फुल व्हॉल्यूमवर चालवा, झोपताना कानातच राहू द्या, म्हणजे ड्रायव्हर लवकर ‘मोकळा’ होतो. आणि शेवटचं, दोन हजारांच्या खाली चांगला आवाज मिळतच नाही.

एरवी असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा माझ्या भाच्यापर्यंत पोचला. दहावीतला पोरगा, नवी पेठेतून नवा इअरफोन आणलेला. त्यानं सांगितल्याबरहुकूम टेस्ट घेतली आणि मला फोन केला, “मामा, पास झाला बघा. फक्त कानात शिट्टी वाजल्यागत व्हायलंय, थांबंल की?” कार्यक्रमांना साउंड लावणं हा माझा धंदा आहे, आवाजावर माझं घर चालतं. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते चौथं कलम घेतो. हे आणि पाचवं सोडलं तर बाकीची खोटी असली तरी फार तर पैसे जातील, ह्यांच्यानं कान जातो.

फोनचा फुल व्हॉल्यूम आणि कानात घट्ट बसणारा इअरफोन, ही जोडी 100 डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) आसपास सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब स्पष्ट आहे. मोठ्या माणसानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो, लहान मुलांसाठी ही मर्यादा 75 ची. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 90 ला आठवड्याचे चार तास उरतात, 100 ला जेमतेम वीस मिनिटं. वीस मिनिटं रोजची नव्हेत, अख्ख्या आठवड्याची. मेसेजवाला त्यातली पाच मिनिटं नुसत्या टेस्टला खर्च करायला लावतो, आणि पाचव्या कलमात रात्रभर कानात ठेवा म्हणतो. ह्या माणसानं कुणाच्या तरी पोरांच्या कानांचा विचार केलाय का?

कानातली ती शिट्टी म्हणजे आतल्या केशपेशींवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशींवर, ताण आल्याची खूण असते. भाच्याची दुसऱ्या दिवशी थांबली. थांबली म्हणजे काही झालंच नाही असं समजायचं कारण नाही. हेच पुन्हापुन्हा झालं की त्या पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. शिट्टी थांबली नाही, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. तेल-बिल घालत बसायचं नाही.

खरं तर सोलापूरकराला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. चादरी आणि टॉवेलांच्या ह्या गावात यंत्रमागाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत. माझे वडील त्यातलेच. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी लक्षात येतात. गल्लीत ट्रक वळला की त्यांना आधी कळतं, पण शेजारी ठेवलेल्या मोबाइलची रिंग ऐकू येत नाही. आणि आई “साखर” म्हणाली की ते “काय, भाकर?” विचारतात. आवाज पोचतो, शब्द कळत नाही. गोंगाटानं गेलेला कान असाच जातो: आधी 4,000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं कमी होतं, म्हणजे स, श, ट ह्यांची धार जाते, खर्ज शाबूत राहतो. म्हणून कित्येक वर्षं माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही, घरचे “मोठ्यानं बोललं तरी लक्ष देत नाहीत” म्हणून चिडत राहतात. गोंगाटानं येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्यातही सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होतं. शेडमध्ये पोटासाठी सोसावं लागलं ते वेगळं. त्याच घरातल्या नातवानं दोनशे रुपयांचा इअरफोन तपासायला तेच कानावर ओढून घ्यायचं?

शिवाय ती टेस्ट म्हणूनही निकामी आहे. आवाज वाढवला की आपल्या कानाला खर्ज आणि तार, म्हणजे जाड आणि बारीक सूर, दोन्ही भरल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघा अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून मांडलंय. दोन इअरफोनांत जो जरा मोठा वाजेल तो आपल्याला चांगला वाटतो, मग तो कसाही असो. दुकानदार मोठ्यानं ऐकवतात त्यामागे हेच आहे. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा करून घ्या, आणि तोही हळू. हळू आवाजात शब्द स्वच्छ आले तर इअरफोनात काही दम आहे. फुल व्हॉल्यूमवर फाटतो तो कधीकधी इअरफोन नसतोच, फोनच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर असतो.

शंभर तासांचं तर ऐकूनच राग येतो. ड्रायव्हरचा पडदा वापरानं बदलत असेलही, पण मोजणीत दिसणारा फरक इतका किरकोळ असतो की इअरफोनच्या टोकाचं रबर कानातून काढून परत घातल्यावर त्याहून मोठा पडतो. चार दिवसांनी इअरफोन ‘सुधारल्यासारखा’ वाटतो कारण आपल्या कानाला त्याची सवय होते. ज्याला हौसच असेल त्यानं तो ड्रॉवरमध्ये वाजत ठेवावा. कानात नाही.

आता ड्रायव्हर. 14 मिलिमीटरचा 10 च्या पेक्षा चांगला, हे कुठून आलं कुणास ठाऊक. अमेरिकेतल्या इटिमोटिक कंपनीनं 1991 मध्ये ईआर-4 हा इअरफोन आणला. त्याच्या आतला ड्रायव्हर जेमतेम काही मिलिमीटरचा, तोही प्रत्येक कानाला एकच, आणि जाणकार अजून त्याचं नाव आदरानं घेतात. आकारापेक्षा महत्त्वाचं आहे ते ट्यूनिंग, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजावा ते जुळवणं. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. उघडी असते तेव्हा ती 3,000 हर्ट्झच्या आजूबाजूचा आवाज आपसूक वाढवते आणि आपल्याला जन्मापासून तसंच ऐकायची सवय असते. इअरफोन घातला की नळीचं तोंड बंद होतं, ती वाढ बिघडते, आणि बनवणाऱ्याला ती ट्यूनिंगमध्ये भरून द्यावी लागते. कमी भरली की आवाज दबका येतो, गायक पडद्यामागून गातोय असं वाटतं. जास्त भरली की प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो. हे बरोबर जमवलंय की नाही ते डब्यावरच्या मिलिमीटरवरून कळत नाही, ऐकूनच कळतं.

20 ते 20,000 हर्ट्झ हे सगळेच छापतात. कुठला सूर किती डेसिबलनं कमी-जास्त वाजतो ते सोबत दिलं नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही. सोन्याचा मुलामा गंजत नाही, घामाच्या हातांनी आणि आपल्या उन्हाळ्यात पिन जास्त टिकते, एवढं मान्य. आवाजात त्यानं कणभर फरक पडत नाही.

राहिली किंमत. 2017 मध्ये येरून ब्रीबार्ट ह्या संशोधकानं जर्नल ऑफ द अकॉस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका ह्या नियतकालिकात 283 हेडफोनांची मोजणी मांडली, त्यात कानात घालायचेही होते. कुठला सूर किती जोरात वाजतो ह्याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला सापडला नाही. ‘पैसे जास्त म्हणजे आवाज चांगला’ म्हणणाऱ्यानं आधी ह्याचं उत्तर द्यावं. मूनड्रॉप कंपनीचा ‘चू’ नावाचा इअरफोन 2022 मध्ये साधारण 20 डॉलरला आला आणि आवाज मोजून-तपासून लिहिणाऱ्यांनी तो उचलून धरला. तरी ह्या कलमात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत शंभराला मिळतो त्या मालात डावा आणि उजवा कान सारखा वाजेल ह्याची खात्री नसते, वायर पिनेपाशी तुटते, माइक कामाचा नसतो. थोडे जास्त पैसे मोजल्यावर हे सुधारतं. पण त्यासाठी दोन हजार लागतातच असं नाही.

आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं त्या रबराबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. डब्यात लहान, मधला, मोठा असे तीन जोड येतात. लोक बसवून आलेला मधलाच घालतात, फट राहते, खर्ज त्या फटीतून निघून जातो आणि मग “बेस नाही” म्हणून इअरफोन परत. आधी तिन्ही घालून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. रबर नीट बसलं की बाहेरचा गलका एकदम कमी होतो आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं.

मग ऐकायचं काय? व्हॉल्यूम निम्म्यावर. आधी नुसतं बोलणं लावा, बातम्या किंवा कीर्तन, बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही आवाज. तो बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर डावा-उजवा जुळत नाही, तो माल घेऊ नका. मग संबळ असलेलं काहीतरी. संबळाचा खर्ज आणि तार वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. खर्ज घुमून वरचा ठोका गिळत असेल तर दुकानदार त्याला ‘दमदार बेस’ म्हणेल, पण त्यात गाण्याचे शब्दही बुडणार. शेवटी तंबोऱ्यावरचं गाणं, तार छेडल्यावर झंकार किती वेळ मागे ऐकू येतो त्यासाठी. दुकानात डबा उघडून देत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून परत घेतात का ते बिल करण्याआधी विचारून घ्या आणि ही तपासणी घरी, शांत खोलीत, पंखा बंद करून करा.