‘फळीवर चालतं ते कुरिअरमध्येही चालतं’ हे खरं नाही

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या छोट्या उद्योजकांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘ऑनलाइनसाठी वेगळं पॅकिंग म्हणजे उधळपट्टी. दुकानाच्या फळीवर चालतं ते कुरिअरमध्येही चालतं. ऑनलाइन गिऱ्हाईक फोटो बघून घेतं, पॅकिंग बघून नाही. फुटायची भीती वाटली तर खोका मोठा घ्या. लेबलचे नियम दुकानांसाठी आहेत. मोठ्या कंपन्याही एकच पॅकिंग वापरतात.’ मी इथेच पॅकिंगच्या डिझाइनचं काम करते. हा सल्ला मानून तोटा होईल तो नेमका कमी भांडवलावर मसाला, गूळ, चप्पल विकणाऱ्यांचा. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला मुद्दा फळीचा. आपल्या कांदा-लसूण मसाल्याचं पाऊच घ्या. दुकानात ते उभं असतं आणि टेम्पोतून फळीवर आल्यावर त्याला फारसा कुणाचा हात लागत नाही. कुरिअरमध्ये तेच पाऊच आडवं पडतं, पोत्यात दाबलं जातं, वरून फेकलं जातं. आता त्याचं तोंड नीट बघा. चमच्यानं मसाला भरताना तेलकट पूड आतल्या कडेला चिकटते. मशीनच्या पट्टीनं सील मारलं की ती पूड दोन थरांच्या मध्ये अडकते आणि तेवढ्या जागेत प्लॅस्टिक एकजीव होत नाही. उभ्या पाऊचला महिनोन् महिने काही होत नाही, कारण त्या सीलवर जोरच येत नाही. पोत्यात दाब आला की आतली हवा बरोबर तिथूनच वाट काढते, मागोमाग तेल येतं आणि गिऱ्हाइकाच्या हातात लाल डाग पडलेला खोका जातो. त्याच खोक्यात शेवया किंवा पोहे असतील तर तेही गेले.

उपाय महागडा नाही. भरताना लांब नळीचं नरसाळं वापरा, कड कोरड्या फडक्यानं पुसा, सील रुंद मारा, आतली जास्तीची हवा आधी काढा. मग भरलेलं पाऊच पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. बुडबुडा आला तर ते पाठवू नका. वेगळं पॅकिंग म्हणजे दुसरं छापील पाऊच असा समज त्या मेसेजनं करून दिलाय. पाऊच एकच राहू द्या. सील आणि बाहेरचा खोका मात्र प्रवासाच्या हिशेबानं ठरवावा लागतो.

‘खोका मोठा घ्या’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्यानं अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५००० नं भागायचं. हे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. एक किलो गुळाची ढेप ३० × २५ × २० च्या खोक्यात घातली तर हिशेब होतो ३ किलोचा. १८ × १४ × १२ च्या खोक्यात तो ०.६ किलो येतो, म्हणजे पैसे प्रत्यक्ष वजनाचेच लागतात. शिवाय मोठ्या खोक्यात ढेप मोकळी राहते आणि प्रत्येक आपटीला आतून हातोड्यासारखी बसते. पुठ्ठा फाटतो, ढेपेचे कोपरे उडतात. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि पावसाळ्यात पुठ्ठाही दमट होऊन मऊ पडतो. म्हणून आधी ओलावा अडवणारी घट्ट पिशवी, मग ढेपेच्या मापाचा खोका, असा क्रम हवा. खोका किती सोसतो हे घरीच बघता येतं. पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या ‘इस्टा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्राथमिक चाचणीत हलका खोका सुमारे ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. ऑर्डरी घेण्याआधी एक खोका असा टाकून बघा.

‘फोटोच विकतो’ हे अर्धं खरं आहे. पण फोटो कशाचा असतो? पॅकिंगचाच. अॅमेझॉनवर मुख्य फोटोला पांढरीशुभ्र पार्श्वभूमी लागते. तिथे पांढरं पाऊच विरून जातं आणि मोबाइलवर नखाएवढ्या दिसणाऱ्या चित्रात गडद लालवरची बारीक सोनेरी अक्षरं वाचताच येत नाहीत. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक बहुतेकदा फळीपर्यंत जातही नाही, ‘मसाला द्या’ म्हणतं आणि दुकानदार काढून देतो. सुपर मार्केटमध्ये शेजारच्या दहा पाऊचमधून आपलं उठून दिसावं लागतं. नाव मोठं, रंग मोजके ठेवले तर एकच दर्शनी बाजू तिन्हीकडे चालते. मात्र ती मोबाइलवर नखाएवढी करून तपासा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

चप्पलचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कोल्हापुरातल्या चप्पल लाइन या बाजारात गिऱ्हाईक पायात घालून बघतं आणि जोड पिशवीत घेऊन जातं. तिथे खोक्यावाचून काही अडत नाही. ऑनलाइन माप चुकलं की जोड परत येतो. खोका एकदाच उघडण्यासारखा असेल तर परतीच्या वाटेवर कातडं चेमटतं आणि तो जोड पुन्हा विकता येत नाही. पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकमध्ये कातड्याला बुरशी धरते. कागदात गुंडाळून पुन्हा बंद करता येईल असा खोका द्या.

लेबलबद्दल मेसेज सरळ चूक आहे. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी वगैरे माहिती पाकिटावर लागतेच, मग माल कुठेही विका. जानेवारी २०१८ पासून यातली बहुतेक माहिती विक्रीच्या वेबपेजवरही द्यावी लागते. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांकही हवा.

आणि मोठ्या कंपन्या? प्रॉक्टर अँड गॅम्बलनं २०१८ मध्ये अमेरिकेत टाइड लिक्विडसाठी खास ऑनलाइन विक्रीचा पुठ्ठ्याचा खोका जाहीर केला. आत पिशवी, बाजूला तोटी, बाटलीपेक्षा सुमारे ६० टक्के कमी प्लॅस्टिक आणि बाहेरून दुसऱ्या खोक्याची गरज नाही. दुकानातली बाटली दुकानात तशीच राहिली.

मेसेजमधली एक काळजी मला मनापासून पटते, ती खर्चाची. सुरुवातीलाच हजारो पाऊच छापून घेऊ नका. ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरीव रोलरनं होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि किमान ऑर्डरही मोठी असते. साधं कोरं पाऊच आणि चांगला स्टिकर यावर काम सुरू करा. वाचलेले पैसे मापाच्या खोक्यावर आणि चांगल्या सीलिंग मशीनवर घाला. पहिल्या काही ऑर्डरी पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्यांना पाठवा आणि खोका उघडण्याआधी त्याचा फोटो मागवा.